पेटीवाल्याच्या कानांनी ऐकलेली मोबाइल सेवा

आधी धंदा सांगतो, म्हणजे तक्रार नीट कळेल. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझं पेटी दुरुस्तीचं काम चालतं. पेटी म्हणजे हार्मोनियम. सूर लावणं, भाता बदलणं, हवा गळत असेल तर चामडं नवीन बसवणं, पट्ट्यांची खडखड काढणं. गिऱ्हाइकं निम्मी पुण्यातली, बाकी सातारा, कराड, मिरज, बार्शी, नगर. भजनी मंडळाची पेटी एसटीत घालून पुण्याला आणायची तर त्यांचा एक दिवस मोडतो आणि दोन माणसं अडकतात. म्हणून आधी फोन येतो, "काका, एक सूर बोलत नाही, जरा ऐकून सांगा." पेटी फोनजवळ धरतात, मी ऐकतो. पुष्कळदा सुराच्या पात्याखाली, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभेखाली, धूळ नाहीतर केस अडकलेला असतो. पातळ कागदाची कड आतून फिरवायला सांगतो, सूर बोलायला लागतो, आणि त्यांचा हेलपाटा वाचतो. याचे मी पैसे घेत नाही. पण तीच मंडळी श्रावणाआधी पूर्ण पेटी कामाला आणून देतात, ते माझं पोट.

तर मोबाइल हे माझं कानस किंवा चिमट्यासारखंच हत्यार आहे. आणि नंबर त्याहून मोठा. १९९९ साली फोन घेतला, तेव्हापासून हातातून गेलेल्या प्रत्येक पेटीच्या आत, झाकण उचललं की दिसेल अशी एक छापील चिठ्ठी चिकटवत आलोय. नाव, पत्ता, नंबर. आता त्या पेट्या कुठल्या देवळात, कुठल्या माळ्यावर, कुणाच्या सुनेच्या माहेरी आहेत ते मलाही माहीत नाही. नंबर बदलला तर त्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या पडणार.

आता तक्रार. कंपनीचं नाव लिहीत नाही. खाजगी तीनच उरल्यात आणि एक सरकारी. नाव घेतलं की बाकीच्या तिघींना वाटेल आपण सुटलो. मागच्या दिवाळीनंतर समोरचा वाडा पाडून सात मजली इमारत उभी राहिली आणि माझ्या दुकानातली रेंज गेली. म्हणजे अगदी गेली असती तरी बरं. दोन दांड्या दिसायच्या, फोन वाजायचा, "हॅलो काका" एवढं ऐकू यायचं आणि पुढे नुसतं गुळण्या केल्यासारखं. मग मी फोन कानाला लावून बोळात पळायचं, तिथे दुचाकींचे हॉर्न. पेटीचा सूर बोळात उभं राहून ऐकून बघा एकदा.

आषाढात एका दिवसात अकरा फोन मध्येच तुटले. मोजले, कारण चिडलो होतो. तुटलेल्या फोनची भरपाई देण्याचा एक नियम होता, आठवतो का? ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १ जानेवारी २०१६ पासून लागू केला होता: दर तुटलेल्या फोनमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३. कंपन्या कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राहिला असता तरी माझ्या अकरा फोनांचे ३ रुपयेच आले असते. कटिंग चहासुद्धा येत नाही.

१९८ वर तक्रार केली. तक्रार क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी तो मेसेज बोळात उभा राहून वाचला, कारण दुकानात तो आलाच नव्हता. पुन्हा तक्रार, पुन्हा निवारण. माझ्या मुलाने कंपनीचा रेंजचा नकाशा काढून दाखवला. हे नकाशे वेबसाइटवर ठेवणं हल्ली नियमाने बंधनकारक आहे, आणि ते चांगलंच आहे. नकाशात सदाशिव पेठ हिरवीगार. माझा वाडा हिरवा, समोरची इमारत हिरवी, पाठीमागची मोरीसुद्धा हिरवी. नकाशा रस्त्यावरची रेंज सांगतो. दीड हात जाडीच्या भिंतीच्या आत काय होतं ते त्याला कुणी विचारलेलं नाही. ट्रायकडे जावं म्हटलं, तर कळलं की एकेकट्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी ट्राय घेत नाही. कंपनीतच वरच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. चोराची तक्रार चोराच्या थोरल्या भावाकडे, असं माझी बायको म्हणाली. मी एवढं कडक म्हणणार नाही, पण अपील केलं नाही.

कंपनीच्या गॅलरीत गेलो. तिथे थंडगार हवा आणि टोकन क्रमांक. मुलगी गोड होती. म्हणाली, "सर, तुमचं सिम जुनं आहे, बदलून देते, फरक पडेल." बदललं. फरक पडला तो एवढाच की सिम नवीन झालं.

मग ठरवलं, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. पोर्ट. ही सोय आपल्याकडे आधी हरियाणात नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. मी त्याच वर्षी एकदा केलं होतं, त्यामुळे भीती नव्हती. १९०० या नंबरवर पोर्ट असं लिहून, जागा सोडून आपला नंबर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. मी पाठवला. उत्तर आलं, देता येत नाही. का, तर सिम बदलून सात दिवस झालेले नाहीत! १ जुलै २०२४ पासूनचा नियम. आधी चरफडलो. मुलाने समजावलं: कुणी भामटा तुमच्या नावाने दुसरं सिम काढतो, लगेच दुसऱ्या कंपनीत पळवतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हातात जातात, म्हणून ही सात दिवसांची आडकाठी. माझी पेन्शन नाही, पण जे काही आहे ते याच नंबराला बांधलेलं आहे. म्हटलं, असू दे आडकाठी. फक्त गॅलरीतल्या त्या मुलीने सिम हातात देताना एवढं एक वाक्य सांगायला हरकत नव्हती.

आठव्या दिवशी कोड आला. आणि त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं. चार महिने ज्या कंपनीत माझा फोन कुणी उचलत नव्हतं, तिथून दुपारपर्यंत मला तीन फोन. "सर, आपण आमचे जुने ग्राहक. काय अडचण आहे?" मी म्हटलं, "ताई, अडचण अशी की तुमचा आवाज तुटतोय." तेवढ्यात फोन खरंच तुटला. देवाशप्पथ.

कोड चार दिवस चालतो. त्यात मी कुमठेकर रस्त्याजवळच्या, माझ्या दुकानापासून चार मिनिटांवरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक स्टूल, काचेचं कपाट, आणि मागे तीन कंपन्यांचे फलक एकमेकांवर चढलेले. मुलगा विशी-बाविशीचा. हा परीक्षणाचा खरा मानकरी. त्याने सगळ्यात आधी विचारलं, "काका, दुकानात कुठली रेंज येते ते बघितलंत का?" मी म्हटलं, नाही. त्याने कपाट बंद केलं, खिशात दोन फोन घातले आणि माझ्याबरोबर वाड्यात आला. भात्यांच्या ढिगाऱ्यात, खिडकीशी, आतल्या खोलीत उभं राहून दोन्हींवरून फोन लावले. एका कंपनीचा आवाज आतल्या खोलीतसुद्धा स्वच्छ. गॅलरीतल्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं, आणि नकाशात हे दिसत नाही.

त्याने आणखी एक प्रामाणिकपणा केला. म्हणाला, "काका, दुकानात वायफाय असेल तर पोर्ट न करताही काम होईल. वायफायवरून साधा फोन लागतो, सेटिंगमध्ये चालू करायचं." खरं आहे, घरी करून बघितलं, उत्तम चालतं. पण दुकानात वायफाय घ्यायचं म्हणजे कंपनीच्या टॉवरचं काम मी माझ्या पैशाने करायचं, आणि वर तिचं रिचार्जही मारायचं. ते जमणार नाही म्हटलं.

आधारचा अंगठा काही उमटेना. पितळेची पाती कानशीने घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच्या गेल्यात. पाच वेळा प्रयत्न, प्रत्येक वेळी मशीन लाल. शेवटी आधार कार्डाचा आणि माझा फोटो काढून, डोळे मिचकावून दाखवून काम झालं. मुलगा म्हणाला, "काका, पापणी लवली म्हणजे तुम्ही जिवंत आहात एवढं त्यांना कळतं." सिम फुकट. पण पहिला रिचार्ज मोठाच मारावा लागेल असं सांगितलं, तो मारला. तीन कामाचे दिवस लागतात म्हणाला आणि बरोबर तिसऱ्या दिवशी पहाटे जुनं सिम मेलं, सकाळच्या चहापर्यंत नवं जिवंत.

आता सेवा कशी आहे? बोलण्यापुरतं म्हणाल तर जमीन-अस्मानाचा फरक. दीड महिना झाला, दुकानात बसून बोलतो. तुटलेले फोन चार, त्यातले दोन समोरच्याच्या बाजूने, कारण ते कराडकडच्या एसटीत होते.

सुरांचं मात्र वेगळं आहे, आणि यावर मी जरा थांबणार. जुन्या पद्धतीच्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सा धरली तर मधला सा २७७ च्या आसपास. म्हणजे मधल्या सप्तकाचा षड्जच फोनच्या दारात बसत नाही, खर्ज, म्हणजे खालचं सप्तक, तर लांबच. आपल्याला सूर ओळखू येतो तो त्याच सुरात मिसळलेल्या वरच्या स्वरांशांवरून, मूळ आपण मनाने भरून काढतो. फोरजीवरच्या नव्या फोनमध्ये दोन्ही बाजूंना सोय असेल तर ५० पासून ७००० पर्यंत जातं. हा फरक मला पहिल्या दिवशी कळला. खर्जाच्या पात्याची भुणभुण फोनवर ऐकू आली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि नुसता ऐकत बसलो.

पण पट्टी दाबून धरली की तीन-चार सेकंदांत सूर विरतो. नव्या कंपनीतही, जुन्या कंपनीतही. हे त्यांचं पाप नाही. फोनला बोलणं हवं असतं. एकसारखा चालणारा आवाज त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो ती पुसून टाकतो. माणूस बोलताना थांबतो, श्वास घेतो. पेटी थांबत नाही, म्हणून फोनच्या लेखी पेटी हा पंखा. मी गिऱ्हाइकांना सांगतो, धरून ठेवू नका, टक टक टक वाजवा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करून पाठवा. कुठल्याही कंपनीचा माणूस तुम्हाला हे सांगणार नाही, कारण त्यांच्यात पेटी कुणी वाजवत नाही.

पैशांचं. मला दुकानात इंटरनेट लागत नाही, घरी मुलाने ब्रॉडबँड घेतलंय. तरी वर्षानुवर्षं रोजच्या दीड जीबीसकट ८४ दिवसांचा पॅक मारत होतो, शेवटी शेवटी आठशे-साडेआठशे रुपयांना. दीड जीबी रोज रात्री बारा वाजता देवाघरी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की ज्याला नुसतं बोलायचंय त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवलाच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ते आणले, आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत किमतीही थोड्या उतरवल्या. आता ८४ दिवसांना साडेचारशे-पावणेपाचशेत भागतं. वर्षाचाही आहे. पण हे शोधायला लागतं. अ‍ॅपमध्ये वरती क्रिकेट, सिनेमे, सोनेरी अक्षरं. हा पॅक तळाशी, जिन्याखालच्या त्या दुकानासारखा. पहिला मोठा पॅक संपल्यावर माझ्या मुलानेच बोटाने सरकवत सरकवत खाली जाऊन काढून दिला. ज्याच्या आई-वडिलांकडे साधा बटणांचा फोन आहे त्याने हे आजच विचारावं.

महिन्याचंही तसंच. आमच्या पंचांगातला चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, इंग्रजी महिना तीस-एकतीसचा, आणि कंपन्यांचा अठ्ठावीसचा. त्यामुळे त्यांच्या वर्षात तेरा महिने, अधिकमास दरवर्षी. २०२२ मध्ये ट्रायने तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा निदान एकेक पॅक ठेवायला लावला. तोही आहे. तोही तळाशी.

लोक म्हणतात, काका, तुमच्या काळात तर मिनिटाला सोळा रुपये होते, आता कुरकुर कसली. खरंय, १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा सोळा-सोळा रुपये मिनिट होतं. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी परवाने दोनच कंपन्यांना, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. आणि मुंबई हे वेगळंच सर्कल, त्यामुळे खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईत शिरलं की आपण रोमिंगमध्ये. दादरच्या गिऱ्हाइकाकडे पेटी पोचवायला गेलो की मी फोन बंदच करून ठेवायचो. आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणून माझ्या पहिल्या चिठ्ठीवर नंबराखाली एक तिसरी ओळ होती: "कामाशिवाय फोन करू नये. आलेल्या फोनचेही पैसे पडतात." लोक हसायचे, पुणेरी पाटी म्हणायचे. मी नुसता हिशेब लिहिला होता. १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, तेव्हा नव्या चिठ्ठ्यांवरून ती ओळ काढली.

ते दर खाली आले ते कुणी दयेने आणले नाहीत. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा सुरू केलं आणि बाकीच्यांना झक मारत मागे यावं लागलं. तेव्हा गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर कमानी मोजायचो, दर कमानीवर वेगळी मोबाइल कंपनी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं, आणि दोन-तीन वर्षांत निम्म्या कमानी उतरल्या. कुणी बुडालं, कुणी विकलं, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. मधल्या काळात आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर बोललं की एक कंपनी दुसरीला प्रत्येक मिनिटाचे पैसे द्यायची, आधी १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. २०१९ च्या शेवटी कराडचे एक बुवा मला म्हणाले होते, "तुमची कंपनी वेगळी आहे, सहा पैसे मिनिट पडतंय, तुम्हीच करा फोन." वीस वर्षांनी पुन्हा माझ्या चिठ्ठीचीच भाषा.

आता जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात, ३ आणि ४ तारखेला, दर वाढवले. बीएसएनएलने नाही वाढवले, पण तिची रेंज माझ्या वाड्यात फक्त उंबऱ्यापर्यंत येते, तेही तपासून बघितलं. मोबाइलचे दर सरकार ठरवत नाही, बाजारावर सोडलेत. ट्राय म्हणते, स्पर्धा आहे, पटलं नाही तर निघून जा. आणि निघून जाण्याची सोय खरोखर चांगली केलीय, मी दोनदा वापरली, काही न देता. पण २०११ मध्ये निघालो तेव्हा पुढे आठ-दहा दारं होती. या वेळी जिन्याखालच्या दुकानातल्या मुलाने खिशातून दोन फोन काढले आणि तपासणी संपली. पुढच्या वेळी समोरच्या इमारतीने हीही रेंज खाल्ली तर मला जायला एकच दार उरेल. दार उघडं ठेवणं ट्रायच्या हातात आहे, दारापलीकडे घरं किती असावीत हे बहुधा कुणाच्याच हातात राहिलेलं नाही.

तारे द्यायचेत म्हणून देतो. जुनी कंपनी: पाचपैकी दीड, त्यातला अर्धा त्या गोड मुलीला. नवी कंपनी: साडेतीन, तळाशी लपवलेल्या पॅकबद्दल एक कापला आणि पहिल्या सक्तीच्या रिचार्जबद्दल अर्धा. पोर्टची सोय: साडेचार. जिन्याखालचं दुकान: पाच, आणि त्याच्या बहिणीची पेटी मी फुकट करून देणार आहे, पांढरी चारचा सूर बसलाय.

नवं सिम सुरू झालं त्या सकाळी पहिला फोन मिरजेहून. अनोळखी माणूस. जुन्या बाजारातून पेटी घेतली, झाकण उघडलं, आत चिठ्ठी सापडली. पात्यांवर गंज आहे म्हणाला, काही होईल का? मी म्हटलं, वाजवून दाखवा. तर तो अडखळला. "काका, इथं खाली लिहिलंय की आलेल्या फोनचेही पैसे पडतात. मग मी थोडक्यात सांगतो." म्हटलं, "नाही पडत आता. पेटी फोनजवळ घ्या आणि खर्जापासून एकेक पट्टी टकटक वाजवत वर या. घाई नाही." सदतीस पट्ट्या होत्या. सगळ्या ऐकल्या.